फरार, फरारी, परागंदा की भूमिगत? ग्रामइतिहासाच्या पुस्तिकेतील एका शब्दाविषयी शंका

वारणाकाठची (प्रश्न):

सर्वांना नमस्कार. आमच्या गावच्या हायस्कुलातील माजी विद्यार्थ्यांनी गावाचा इतिहास सांगणारी शंभरेक पानांची पुस्तिका काढायचे ठरवले असून तिच्या मुद्रितशोधनाचे काम माझ्याकडे आले आहे. गाव आज सांगली जिल्ह्यात असले तरी १९४२ साली ते सातारा जिल्ह्यात होते, आणि त्या काळात या पट्ट्यात इंग्रजांविरुद्धची चळवळ कशी चालली होती ते येथील बहुतेकांना ठाऊक असेलच.

लेखक उत्साही आहेत, त्यांनी माहितीही कष्टाने जमवली आहे. मात्र त्यांचा ‘फरार’ या शब्दावर फार जीव आहे. एका प्रकरणात १८०३-०४ च्या दुष्काळात गावातली कुणबी कुटुंबे ‘फरार झाली’ असे येते. पुढच्या प्रकरणात १९४३ साली गावातला एक तरुण तीन वर्षे ‘फरार होता’ असे वाक्य आहे. शेवटच्या प्रकरणात एका पतसंस्थेचा सचिव ठेवीदारांचे पैसे घेऊन ‘फरार झाला’. तिसऱ्या वाक्याला कोणाची हरकत नाही. दुसऱ्या वाक्याला मात्र त्या तरुणाच्या सुनेने, म्हणजे आता ऐंशीच्या घरात असलेल्या आमच्या गावच्या काकींनी, कच्चा मजकूर ऐकताच हात आडवा धरला. ‘आमचे मामंजी फरार नव्हते, भूमिगत होते,’ एवढेच त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

त्यावर लेखकांनी एक कागद दाखवला. घराण्याच्या दप्तरात जपून ठेवलेली ती सरकारी जाहीरनाम्याची नक्कल आहे. कागद घडीवर फाटलेला असून मागून खादीच्या पट्टीने चिकटवलेला आहे, आणि त्यात त्या तरुणाच्या नावापुढे स्वच्छ अक्षरांत ‘फरारी’ असे लिहिलेले आहे. खाली जप्त केलेल्या वस्तूंची यादी आहे: एक बैलगाडी, दोन बैल, तांब्याची घागर. लेखकांचे म्हणणे असे की अस्सल कागदातच जर ‘फरारी’ असेल, तर आपण कोण बदलणारे?

म्हणून माझ्या तीन शंका आहेत. ‘फरार’ आणि ‘फरारी’ यांत व्याकरणाच्या दृष्टीने काही फरक आहे काय? दुष्काळात गाव सोडलेल्यांना ‘परागंदा’ म्हणावे असे मला वाटते. पण हा शब्द ‘परागंदा’ असा लिहावा की ‘परांगदा’, कारण दोन्ही रूपे मी छापलेली पाहिली आहेत? आणि काकींचा आग्रह केवळ भावनेचा आहे, की शब्दाच्या अर्थातच त्याला काही आधार आहे?


खिळेजुळारी:

वारणाकाठची ताई, आपली पहिली शंका वरवर पाहता किरकोळ वाटते. पण तिच्यामुळे मराठीने एका परक्या शब्दाचे काय केले ते चांगले दिसते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

मूळ अरबी शब्द ‘फिरार’. तो नाम आहे आणि त्याचा अर्थ पळणे, पलायन. फारसीत तो ‘फरार’ झाला आणि त्याला ई लागून ‘फरारी’, म्हणजे पळालेला माणूस, असा शब्द तयार झाला. कैद आणि कैदी, खून आणि खुनी, शिकार आणि शिकारी या जोड्या डोळ्यांसमोर आणा, म्हणजे घडण लक्षात येईल. या हिशेबाने ‘फरार’ ही कृती आणि ‘फरारी’ हा ती करणारा. ‘फरार आरोपी’ ही रचना मग ‘कैद आरोपी’ म्हणण्यासारखी होते. आपल्या जाहीरनाम्यात ‘फरारी’ आहे ते याच जुन्या आणि चोख वळणाने आलेले आहे.

पण मराठी माणसाच्या कानाने या शब्दाला दुसऱ्याच जोडीत बसवले. कचेरीत रोज ऐकू येणारी जोडी कोणती? हजर आणि हजेरी, गैरहजर आणि गैरहजेरी. ‘आरोपी हजर आहे’ याच्या शेजारी ‘आरोपी फरार आहे’ हे वाक्य इतके सहज बसते की ‘फरार’ला आपण विशेषण करून टाकले. एकदा ते विशेषण झाल्यावर ‘फरारी’ला ‘हजेरी’सारखे भाववाचक नाम होणे भागच होते, आणि तसे ते झालेही, ‘फरारीच्या काळात तो नातेवाइकांकडे राहत होता’ हे वाक्य आपण वर्तमानपत्रांत वाचतो. म्हणजे आज ‘फरारी’ हा एकच शब्द माणसालाही लागतो आणि त्याच्या अवस्थेलाही. संदर्भावरून अर्थ कळतो, त्यामुळे कोणाचे अडत नाही.

तात्पर्य, ‘फरार झाला’ आणि ‘फरार आहे’ ही रूपे आता रूढ आहेत, ती चूक मानण्यात अर्थ नाही. विशेषण म्हणून नामाच्या आधी लावायचे झाल्यास माझी पसंती ‘फरारी आरोपी’ला आहे, पण ‘फरार आरोपी’ असे छापले म्हणून मी लाल शाई काढणार नाही. नाम म्हणून वापरताना मात्र ‘फरारी’च हवे आणि त्याचे सामान्यरूप ‘कैद्याला’प्रमाणे ‘फराऱ्याला’, ‘फराऱ्यांचा’ असे होते. येथे अर्धा र चंद्रकोरीसारखा, म्हणजे ‘ऱ्या’ असा छापला गेला पाहिजे, ‘र्या’ असा नव्हे. खिळे जुळवायच्या दिवसांत तो खिळा पेटीत सापडेनासा झाला की आम्ही वाक्यच फिरवून घेत असू. आता संगणकावर तो सहज मिळतो आणि तरीही चुकतो.

जाता जाता त्याच्या भाऊबंदांविषयीही लिहितो, कारण आपल्या लेखकांना एकाच शब्दावर भागवायची सवय दिसते. ‘पसार होणे’ हा एका क्षणाचा मामला आहे. ‘चोर दागिने घेऊन पसार झाला’ हे ठीक. पण ‘तो तीन वर्षे पसार आहे’ असे कोणी म्हणत नाही, तेथे ‘फरार’च लागतो. ‘गुंगारा देणे’ यासाठी कोणीतरी मागावर असावे लागते. ‘हातावर तुरी देणे’ यासाठी तर माणूस आधी हातात सापडलेला असावा लागतो, म्हणून ती कोठडीतून निसटणाऱ्याला शोभते. ‘पोबारा करणे’ यात थट्टा आहे. सोंगट्यांच्या डावातल्या ‘पौबारा’ या दानाची आठवण त्याला अजून चिकटलेली आहे आणि गंभीर गुन्ह्याच्या बातमीत तो शब्द कानाला खटकतो. आपल्या पतसंस्थेचा सचिव ठेवी उचलून रातोरात गेला त्या वाक्यात ‘पसार झाला’ म्हणावे, आणि त्यानंतर किती वर्षे सापडला नाही ते सांगताना ‘फरार’ म्हणावे, अशी माझी सूचना आहे.

‘पळपुटा’ हा शब्द या सर्वांहून वेगळा ठेवावा. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाल्यापासून जून १८१८ मध्ये इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन होईपर्यंत दुसरा बाजीराव सुमारे सात महिने इंग्रजांच्या फौजा मागे घेऊन रानोमाळ हिंडत होता. शब्दाच्या काटेकोर अर्थाने या काळात तो फरारीच होता. लोकांनी मात्र त्याला ‘पळपुटा बाजीराव’ म्हटले, आणि वर्षाला आठ लाखांच्या तनख्यावर बिठूरला स्थिर झाल्यानंतर, म्हणजे पळणे संपल्यानंतरही, ते विशेषण त्याच्यामागे राहिले. ‘फरारी’ ही माणसाची परिस्थिती असते आणि ती बदलू शकते. ‘पळपुटा’ हा स्वभावावरचा शेरा आहे आणि तो पुसला जात नाही.


फौजदारी वकील (निवृत्त):

वरील विवेचन वाचून आनंद झाला. मी कायद्याच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण कोर्टात या शब्दाचा अर्थ रोजच्या बोलण्यापेक्षा अरुंदही आहे आणि रुंदही.

ताईंकडे असलेला जाहीरनामा, वर्णनावरून, १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ८७ खालचा असावा आणि जप्ती कलम ८८ खालची. वॉरंट काढूनही माणूस सापडत नाही आणि तो मुद्दाम लपतो आहे असे मानण्यास न्यायालयाला कारण असेल, तर त्याने अमुक ठिकाणी अमुक दिवशी हजर व्हावे असा लेखी जाहीरनामा काढायचा, हजर होण्यासाठी किमान तीस दिवसांची मुदत द्यायची, तो गावातल्या ठळक जागी मोठ्याने वाचायचा, त्याच्या घरावर चिकटवायचा आणि एक प्रत कोर्टाच्या इमारतीवर लावायची, अशी ती रीत होती. घरावर चिकटवलेली प्रत कोणीतरी रात्री काढून घेतली आणि तीच पुढे दप्तरात गेली, असे कित्येक घरांत झाले असेल. आपल्या नक्कलेची कथाही बहुधा तशीच असेल. हीच कलमे १९७३ च्या संहितेत ८२ आणि ८३ झाली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती ८४ आणि ८५ आहेत. आकडे बदलले, तीस दिवस तेच राहिले.

रुंद अर्थ असा की फरारी ठरण्यासाठी पळावेच लागते असे नाही. माणूस स्वतःच्या घरातल्या धान्याच्या बळदात बसून असेल, त्याने गावची वेसही ओलांडली नसेल, पण वॉरंट चुकवण्याच्या हेतूने तो दडला असेल, तर कायद्याच्या दृष्टीने तो फरारी आहे. अरुंद अर्थ असा की नुसते घरी न सापडणे पुरेसे नाही. ऊसतोडीला गेलेल्या मजुराला आपल्या नावाने वॉरंट निघाल्याचा पत्ताच नसेल, तर तो गैरहजर आहे, फरारी नव्हे. कित्येक जामिनांचे अर्ज मी या एका फरकावर चालवलेले आहेत. ‘साहेब, माझा अशील फरार नव्हता, साखर कारखान्यावर होता’ हे वाक्य आमच्या कोर्टात इतक्यांदा म्हटले गेले की पुढे पुढे न्यायाधीशच ते माझ्या आधी म्हणत.

पोलिसांच्या रोजच्या भाषेत आणखी एक भेद असतो आणि बातमीदार तो पुष्कळदा गाळतात. गुन्ह्यात नाव आलेले आहे, तपास चालू आहे, पण माणूस अजून हाती लागलेला नाही, त्याला ‘पाहिजे आरोपी’ म्हणतात. शोध घेऊनही तो मिळाला नाही आणि तशी नोंद करून इतरांविरुद्ध दोषारोपपत्र पाठवले गेले, की तो ‘फरारी’ होतो. म्हणूनच पोलिसांच्या पत्रकांत ‘पाहिजे व फरारी आरोपींचा शोध’ असे दोन्ही शब्द जोडीने येतात. गुन्हा सकाळी दाखल झाला आणि संध्याकाळच्या बातमीत ‘आरोपी फरार’ असे आले, तर ती कायद्याची भाषा नसून घाईची भाषा असते. ‘तडीपार’ही यात मिसळू नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली ज्याला जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी हद्दीबाहेर राहण्याचा आदेश झालेला असतो तो तडीपार. फराऱ्याला सरकार शोधत असते आणि तडीपाराला सरकारनेच जायला सांगितलेले असते.

२०१८ मध्ये फरार आर्थिक गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा झाला. तेथे शंभर कोटी रुपये किंवा त्याहून मोठ्या रकमेचे प्रकरण लागते, आणि माणूस खटला चुकवण्यासाठी देश सोडून गेलेला किंवा परदेशातून परत यायला नकार देणारा असावा लागतो. म्हणजे या एका कायद्यात ‘फरार’ शब्दातले मूळचे पळणे परत आले. बळदात बसून येथे भागत नाही!

काकींच्या घराला लागू पडेल अशी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. फराऱ्याला आसरा देणे हा तेव्हाही गुन्हा होता, आणि आसऱ्यात निवाऱ्याबरोबर अन्न, पाणी, पैसे, कपडे, वाहन हेही येते, असा खुलासा दंड संहितेत १९४२ च्याच एका दुरुस्तीने जोडला गेला. मात्र पतीने पत्नीला किंवा पत्नीने पतीला आसरा दिला तर तो गुन्हा धरत नसत. म्हणजे त्या तरुणाला त्याच्या बायकोने भाकरी दिली तर कायदा गप्प आणि शेजारणीने दिली तर ती आरोपी. पुस्तिकेत भाकरी देणाऱ्या शेजाऱ्यांचा उल्लेख आला असेल, तर तेथे हे एक वाक्य जरूर घालावे, म्हणजे त्यांनी किती जोखीम घेतली होती ते वाचणाऱ्याला कळेल.


मोडीवाचक:

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी एका शब्दात देतो: ‘परागंदा’. ‘परांगदा’ हे रूप अनुस्वार एक घर अलीकडे सरकल्याने झालेले आहे. मोडी कागदांत अनुस्वार अनेकदा दिलेलाच नसतो. त्यामुळे जुना शब्द डोळ्यांपेक्षा कानावर अवलंबून राहिला, आणि नंतर देवनागरीत लिहिताना ज्याला जेथे नाक लागले तेथे त्याने टिंब दिले. मूळ फारसी क्रियापद ‘परागंदन’ म्हणजे विखुरणे, उधळणे. ‘परागंदा’ म्हणजे विखुरलेला. त्यात ‘पर’ हा संस्कृत शब्द शोधून ‘परक्या मुलखात गेलेला’ असा अर्थ लावणारे भेटतात. अर्थ जवळपास जुळतो, व्युत्पत्ती जुळत नाही.

आता आपल्या पुस्तिकेतल्या दुष्काळाकडे येतो. ती कुटुंबे ‘फरार झाली’ असे लिहिणे मला अर्थाच्या दृष्टीने सरळ चूक वाटते. त्यांच्यामागे कोणी वॉरंट घेऊन लागले नव्हते. दाणा नाही, वैरण नाही, वर फौजांची धामधूम आणि वसुलीचा तगादा, म्हणून माणसे जिकडे वाट फुटेल तिकडे गेली. अशा वेळी कागदांत ‘रयत परागंदा झाली’ असे येते. परागंदा होते ती सहसा रयत, घराणे, गाव. एकटा माणूसही परागंदा झाल्याचे आपण आज म्हणतो आणि ते चालतेही. पण शब्दाच्या पोटात विखुरणे आहे, आणि एकटा माणूस विखुरणार तरी कसा, ही शंका मला नेहमी येते.

या दोन शब्दांमधला खरा फरक सरकारच्या पुढच्या पावलात दिसतो. फराऱ्याच्या मागे वॉरंट जाते, परागंदा रयतेच्या मागे कौल जातो. गाव ओस पडले तर सारा बुडतो, म्हणून माघारी या, जमीन करा, पहिल्या वर्षी थोडे द्या, पुढे दरसाल चढत्या प्रमाणात द्या, असा अभय देणारा कागद पाटलाच्या हाती दिला जाई. चढत्या साऱ्याच्या या पद्धतीला ‘इस्तावा’ म्हणत. गेलेल्या मिरासदाराच्या, म्हणजे वंशपरंपरेने जमीन धारण करणाऱ्याच्या, जमिनीला ‘गतकुळी’ म्हणत, आणि ती दुसऱ्याला कसायला दिली तरी मूळ मिरासदार परत आला की त्याचा हक्क सहसा मानला जाई. परत येण्याची वाट उघडी ठेवलेली असणे हे परागंदा होण्यातच धरलेले होते. शिवकाळातले चिपळूणच्या छावणीतील जुमलेदारांना लिहिलेले प्रसिद्ध पत्र पाहा. कुणब्यांचे दाणे, गवत, भाजी जबरीने उचलू लागलात तर घर धरून कसेबसे राहिलेले कुणबीही निघून जातील, अशी ताकीद त्यात आहे. त्या पत्रात दोष जाणाऱ्याला दिलेला नाही, त्याला जायला लावणाऱ्याला दिलेला आहे. ‘फरार’ लिहिले की हा दोष नेमका उलटतो आणि दुष्काळात पोर कडेवर घेऊन निघालेला कुणबी गुन्हेगार होतो.

विषय निघालाच आहे म्हणून ‘बेचिराख’ही सांगून टाकतो. आज आपण तो जळून खाक झालेल्या गावाला लावतो. फारसीत ‘चिराग’ म्हणजे दिवा. ज्या गावात दिवा लावायला कोणी उरले नाही ते बेचिराख. आग लागायची गरज नाही, माणसे परागंदा झाली की पुरे. महसुली कागदांत वस्ती नसलेल्या गावापुढे हा शब्द अगदी थंडपणे लिहिलेला असतो, आणि नवा वाचक तो पाहून तेथे केव्हा जाळपोळ झाली ते शोधत बसतो. एके काळी मीही त्यात दोन आठवडे घालवलेले आहेत.


हळदपेव:

मी सांगलीचा. लहानपणी आजोबांच्या तोंडी ‘भूमिगत’ शब्द ऐकला की ही मंडळी हरिपूरच्या हळदीच्या पेवांत राहत असत, अशी माझी पक्की समजूत होती. जमिनीखाली राहायचे तर आमच्याकडे दुसरी जागाच माहीत नव्हती. पुढे पेव उघडल्यावर लगेच आत उतरता येत नाही, आत हवा नसते, माणूस दगावतो, हे कळल्यावर मी आजोबांना विचारले की मग ते जगले कसे. आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग म्हणाले, ‘अरे, ते उसात होते.’

शब्द खरोखरच इंग्रजीवरून घडवलेला आहे आणि १९४२ च्या चळवळीने तो घरोघर नेला. आता तो गटार योजनेला आणि वीजवाहिन्यांना लागतो, त्यामुळे शाळेतल्या मुलांना ‘भूमिगत कार्यकर्ते’ म्हणजे नक्की काय ते समजावून सांगावे लागते. तरी काकींच्या बाजूने माझे मत आहे. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी सांगलीच्या तुरुंगातून बाहेर पडले, त्याला आमच्याकडे आजतागायत कोणी ‘पलायन’ म्हणत नाही. ‘तुरुंग फोडला’ असेच म्हणतात. १६६६ सालच्या घटनेला आपण ‘आग्र्याहून सुटका’ म्हणतो. १९१० साली मार्सेयला सावरकरांनी बोटीतून समुद्रात ‘उडी’ घेतली. तिन्ही ठिकाणी पहारा देणाऱ्याच्या वहीत ‘पळाला’ अशीच नोंद झाली असणार. पण मराठीने तिन्ही वेळा पळण्याचे क्रियापद टाळले आणि दुसरे काहीतरी नाव शोधले. कोणी समिती बसवून हे ठरवलेले नाही.


उपसंपादक, रात्रपाळी:

बातमीदारांच्या घाईवर वर टीका झाली ती मान्य. आमची अडचण एवढीच की मथळ्यात ‘फरार’ तीन अक्षरांत बसतो आणि ‘अद्याप हाती न लागलेला आरोपी’ बसत नाही. शिवाय हल्ली राजकीय मंडळींसाठी ‘नॉट रिचेबल’ हा नवा शब्द रुळला आहे. आमदार तिकीटवाटपाच्या आदल्या दिवशी फोन बंद करून बसले तर त्यांना फरार म्हणता येत नाही, भूमिगत म्हटले तर उगाच मान दिल्यासारखे होते. तेव्हा तो मोबाइल कंपनीचा शब्द सोयीचा पडतो. आणि एक विनंती: त्या इटालियन मोटारीचे नाव ‘फेरारी’ असे लिहावे. ‘फरारीतून आलेला उद्योगपती’ हे वाक्य एकदा माझ्या हातून सुटले होते आणि दुसऱ्या दिवशीचे फोन अजून कानात आहेत.


वारणाकाठची:

सर्वांचे मनापासून आभार. आपले प्रतिसाद छापून काढले आणि काल संध्याकाळी लेखकांना घेऊन काकींकडे गेले. वकीलसाहेबांचा भाकरीचा परिच्छेद मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या की त्यांच्या सासूबाईंनी कधी घरातून भाकरी दिलीच नाही, कारण घरावर सतत नजर असे. भाकरी जात असे ती पलीकडच्या आळीतल्या एका म्हातारीच्या वैरणीच्या भाऱ्यातून. म्हणजे कायद्याने जिला सूट होती तिला देता आली नाही आणि जिला सूट नव्हती तिने दिली. त्या म्हातारीचे नाव कच्च्या मजकुरात कोठेच नव्हते. लेखकांनी वही काढली.

मी काकींना आणखी एक विचारले: सासूबाई स्वतः कोणता शब्द वापरत? ‘फरारी’ की ‘भूमिगत’? काकी म्हणाल्या, दोन्ही नाही. त्या म्हणत, ‘हे भाईर हुते तवा.’ इतकेच. ‘भूमिगत’ हा शब्द घरात आला तो पुढे, स्वातंत्र्यसैनिकाचा ताम्रपट मिळाल्यावर.

आता पुस्तिकेत असे करायचे ठरले आहे. दुष्काळाच्या प्रकरणात ‘परागंदा’. पतसंस्थेच्या प्रकरणात आधी ‘पसार’ आणि मग ‘फरार’. १९४३ च्या प्रकरणात आमच्या निवेदनात ‘भूमिगत’, जाहीरनामा उद्धृत केला आहे तेथे अवतरणचिन्हांत ‘फरारी’ जसाच्या तसा, आणि सासूबाईंचे वाक्य आले आहे तेथे ‘भाईर’. या शेवटच्या शब्दाला तळटीप द्यावी असे लेखकांचे म्हणणे आहे, मला ती नको आहे. खिळेजुळारी साहेब, ‘भाईर’ अवतरणचिन्हांत घालावा की तसाच ठेवावा, एवढे सांगाल का? पाने सोमवारी छपाईला जायची आहेत.


खिळेजुळारी:

वाक्य सासूबाईंचे म्हणून पूर्ण वाक्याला अवतरणचिन्हे येतीलच. शब्दाला पुन्हा वेगळी देऊ नका, आणि तळटीपही नको. ‘हुते’ आणि ‘तवा’ यांना मात्र कोणी शुद्ध करून ‘होते’ आणि ‘तेव्हा’ करणार नाही, याकडे सोमवारी छापखान्यात स्वतः उभे राहून लक्ष द्या.